‘एक ग्रॅम सापडला तरी दहा वर्षं’: गल्लीच्या ग्रुपवरचा मेसेज आणि प्रत्यक्ष कायदा

बेळगावातल्या गल्लीगल्लीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: गांजा एक ग्रॅम सापडला तरी दहा वर्षं, जामीन नाही. नाव एकदा आलं की पोलिसांत रौडी शीट उघडते. पासपोर्ट, नोकरी विसरा. कागद कन्नडमध्ये असतात, मुकाट सही करायची. केस झालीच तर मुलाला सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगडकडे पाठवा. आणि व्यसनमुक्तीला नेऊ नका, डॉक्टरच पोलिसांना कळवतात. माझी वकिली बेळगावच्या कोर्टातच चालते आणि हा मेसेज मला तीन नातेवाइकांकडून आला.

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायद्यात दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे, पण गांजाच्या बाबतीत ती 20 किलोच्या वरच्या साठ्याला, म्हणजे व्यापारी प्रमाणाला. एक किलोपर्यंतचं ते अल्प प्रमाण: जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. जामीन अवघड करणारं कलम 37 लागतं ते व्यापारी प्रमाणाला आणि काही मोजक्या गंभीर कलमांना. पेपरात ‘गांजा सेवन, वैद्यकीय तपासणीत निष्पन्न’ अशा बातम्या येतात, त्या कलम 27 च्या. तिथे गांजासाठी शिक्षेची कमाल सहा महिने किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पण पुडी मित्राला पन्नास रुपयांना दिली तर ती विक्री झाली. मग ‘माझ्यापुरतं होतं’ हे कोर्टात टिकत नाही.

रौडी शीटचा गोंधळ जुनाच. एफआयआर म्हणजे आरोप, शिक्षा नव्हे. रौडी शीट ही तर पोलिसांची नजर ठेवण्यासाठीची अंतर्गत नोंद. वारंवार गुन्ह्यांत दिसणाऱ्यांवर वरिष्ठांच्या आदेशाने उघडतात, प्रत्येक केसबरोबर आपोआप नाही. पासपोर्टचा त्रास मात्र खरा आहे: कोर्टात खटला चालू असेल तर सहसा त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते. नोकरीच्या फॉर्मवर केस लपवणं मात्र केसपेक्षा महागात पडू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की मालकाने गुन्ह्याचं स्वरूप पाहून ठरवावं, किरकोळ गोष्टीकडे दुर्लक्षही करता येतं. पण माहिती खरी हवी. मुलगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 24 आहे: दोष सिद्ध झाला तरी त्याची अपात्रता पुढे चिकटत नाही.

आता कन्नडचा मुद्दा. आपल्याकडे तो लगेच भाषेच्या भांडणात जातो, म्हणून मी कायद्यापुरतंच बोलतो. पंचनामा, एफआयआर कन्नडमध्ये असणार, कर्नाटकात ते स्वाभाविक आहे. पण अटकेची कारणं ही वेगळी गोष्ट. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. लगेच जमलं नाही तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. ज्याला मराठीच कळते त्याने मराठीत मागावं. ही विनवणी नाही, घटनेच्या कलम 22 चा हक्क आहे. शिवाय 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करणंही कायद्याने आवश्यक आहे. व्हिडिओला कन्नड-मराठी नसतं.

चंदगडचं काय? एनडीपीएस केंद्राचा कायदा आहे, सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडेही तोच. तिथून पकडून आणायला फक्त एक ट्रान्झिट रिमांड (आरोपीला दुसरीकडे नेण्याची कोर्टाची परवानगी) जास्त. सीमा ओलांडून पोरगं लपत नाही, उलट ‘फरार’ हा शिक्का बसून जामीन अवघड होतो.

आणि डॉक्टर. मला राग आला तो इथे. शहापूरकडच्या एक काकू माझ्याकडे आल्या, मुलाला पोलिसांनी पकडल्यावर. त्याची सवय त्यांना आठ महिने माहीत होती. दवाखान्यात का नेलं नाही, विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात असाच एक जुना फॉरवर्ड होता. कायदा नेमकं उलट सांगतो. एनडीपीएसचं कलम 64अ: अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते, एवढीच मेख. मानसिक आरोग्य कायदा, 2017 दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेला त्रासही मानसिक आजारात धरतो आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला सांगतो.

काकूंच्या मुलासाठी आम्ही कोर्टात 64अ चाच अर्ज केला. सरकारी उपचार बेळगावात सिव्हिलमध्ये आहेत, धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि घरातून विचारायचं असेल तर 14446 ही मोफत हेल्पलाइन. काकू धारवाडला जातात, गल्लीतल्या कुणी बघू नये म्हणून पहाटेच्या बसने.