‘तुमच्याकडे’ आणि छेत्रीचे परतणे

२०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्यात फुटबॉलमध्ये भारत बांगलादेशाकडून एका गोलने हरला, त्या दिवशी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर कोल्हापूरच्या एका मित्राने लिहिले, “मार्चमध्ये छेत्री परत आला म्हणून सगळ्या वाहिन्यांनी ढोल बडवले. मिळाले काय? एका माणसाची एवढी आरती ओवाळणे आपल्याकडेच चालते. तुमच्याकडे चालते का असे?” खाली दहा-बारा अंगठे उमटले. या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक शब्द मला खटकला आणि सर्वांत जास्त खटकला तो मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या मला उद्देशून आलेला ‘तुमच्याकडे’.

मुळात ढाक्याच्या संघात भारताचा माजी कर्णधार सुनील छेत्री नव्हताच, त्यामुळे त्या पराभवाचे खापर त्याच्या माथी फोडता येत नाही. दुसरे असे की, त्याचे परतणे हा माध्यमांनी उभा केलेला देखावा होता, हे मला मान्य नाही. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली आणि १५१ सामने व ९४ गोल नावावर असलेला हा माणूस निवृत्त होऊन डोळे पुसत मैदानाबाहेर गेला. भारताचा त्याआधीचा शेवटचा विजय नोव्हेंबर २०२३ मधला होता आणि २०२४ हे अख्खे वर्ष विजयाविना गेले. दरम्यान इंडियन सुपर लीग या क्लबांच्या स्पर्धेत भारतीयांपैकी सर्वाधिक गोल कोण करत होता, तर चाळिशी गाठलेला हाच छेत्री. बहुतेक क्लब आघाडीच्या जागेवर परदेशी खेळाडू उभा करतात आणि आपली मुले कडेने धावत राहतात. मग राष्ट्रीय संघाला गोल करणारा आणायचा कुठून? तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावले ते या अडचणीतून, त्यात भावनेचा भाग फार थोडा होता.

१९ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये मालदीवविरुद्धचा सामना सुरू झाला तेव्हा इथे दुपारचा दीड वाजला होता. मी कार्यालयाच्या स्वयंपाकघरात मील डीलचे सँडविच समोर ठेवून, फोन किटलीला टेकवून बसलो होतो. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा आणि दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा झाला. जेवणाची सुट्टी कधीच संपली होती, तरी मी उठलो नाही. मग लिस्टनने डावीकडून चेंडू टाकला, छेत्रीने तो डोक्याने जाळ्यात घातला आणि त्याचा ९५ वा गोल झाला. माझ्या तोंडून “घातला की रं!” असे इतक्या मोठ्याने निघाले की शेजारच्या खोलीतली बैठक क्षणभर थांबली.

आता ‘तुमच्याकडे’चे उत्तर देतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस छत्तीस वर्षांचा क्रिस्टियानो रोनाल्डो बारा वर्षांनी मँचेस्टर युनायटेडमध्ये परतणार हे ठरले, तेव्हा या शहरात दुसरा विषयच उरला नव्हता. त्याला सात नंबर मिळावा म्हणून संघातल्या कवानीने स्वतःचा सदरा सोडला. ११ सप्टेंबरला न्यूकॅसलविरुद्ध तो उतरला. शनिवारी दुपारी तीनचे सामने इथे टीव्हीवर दाखवत नाहीत, म्हणून मी ट्रामने ओल्ड ट्रॅफर्डला उतरून वॉरिक रोडवर उभा राहिलो. तिकीट नसलेले आणखी कितीतरी लोक तिथे होते आणि आतल्या गर्जनेवरून गोल ओळखत होते. त्याने दोन गोल केले, संघ ४-१ ने जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सगळी वृत्तपत्रे त्याच्या छायाचित्रांनी भरली. त्या हंगामात त्याने लीगमध्ये १८ गोल करूनही संघ सहावा आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये वादावादी होऊन करार संपला. एका माणसाभोवती आरती इथेही होते, आणि ती कधीकधी अधिक कडवट होऊन संपते. शिवाय विश्वचषक आला की ज्या गावच्या पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्या गावाने छेत्रीच्या स्वागताला व्यक्तिपूजा म्हणावे, याचे मला फार वाईट वाटते.

हे सगळे मी गटावर तावातावाने लिहिले, पण एक गोष्ट मुद्दाम गाळली. रोनाल्डो आला किंवा गेला म्हणून इथल्या रविवार सकाळमध्ये काही बदल झाला नाही. आमच्या घरामागच्या मैदानावर तेव्हाही नऊ वर्षांखालील मुलांचे चार सामने एकाच वेळी चालू होते, पालक दोरीमागे थर्मास घेऊन उभे होते आणि चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा गंभीर चेहऱ्याने पंचगिरी करत होता. लहानपणी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींच्या नावाने खेळणाऱ्या संघांचे सामने पाहताना मला वाटायचे, फुटबॉल म्हटले की कोल्हापूर. ते वेड खरेच आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. पण अशी मुले दरवर्षी का निघत नाहीत, हा प्रश्न मित्राने विचारला असता तर मी निरुत्तर झालो असतो. छेत्री परतला याची बातमी मोठी झाली, कारण त्याच्या मागच्या रांगेत फारसे कोणी उभे नव्हते.

आणखी एक गोष्ट मी लिहिली नाही. ढाक्यात बांगलादेशाकडून हमझा चौधरी खेळला. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी क्लबच्या अकादमीत घडलेला हा खेळाडू मार्चमध्ये पहिल्यांदा त्यांच्या संघात आला, तेव्हा सिल्हेटच्या विमानतळावर लोकांची झुंबड उडाली होती. त्याचे पदार्पणही शिलाँगला भारताविरुद्धच झाले आणि तो सामना गोलशून्य राहिला. ढाक्याच्या सामन्यानंतर संध्याकाळी मुलाबरोबर हमझाची क्षणचित्रे पाहत होतो. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि डाव्या बगलेवर खेळतो. त्याने विचारले, “बाबा, तो इथला असून बांगलादेशाकडून खेळतो, मग मी भारताकडून खेळू शकतो?” नाही, असे मी सांगितले. भारतीय पासपोर्ट असलेल्यालाच भारताकडून खेळता येते. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारे, कपाटातले ओसीआय कार्ड व्हिसाच्या रांगेतून वाचवते, निळा सदरा मिळवून देत नाही. नियम सरकारचा आहे, पण मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जावर सही मी केली होती.

त्याच महिन्यात बंगळुरू क्लबकडून खेळणाऱ्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला, तेव्हा त्याच गटावर मी त्याचे भरभरून कौतुक केले. मुलाला मात्र ती बातमी मी अजून सांगितलेली नाही. सांगितली तर त्याचा पुढचा प्रश्न काय असेल ते मला माहीत आहे, आणि त्याने तो मार्ग धरावा असे मला वाटत नाही. मित्राच्या ‘तुमच्याकडे’वर मी एवढा चिडलो, पण तो शब्द खोडून काढणारे उत्तर मला अजून लिहिता आलेले नाही.