"बसतो की!" म्हणे

फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या रिमवर मोठा टायर चढला की "बसतो की!" म्हणून हात झटकणाऱ्यांचा वैताग आलाय. अरे, रिमवर चढला म्हणजे गाडीला बसला का? स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं, एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर चढून सस्पेन्शन पार दबलेलं, अशा वेळी तो चाकावरच्या कमानीत न घासता फिरला तर बसला. सपाट फरशीवर उभ्या गाडीकडे बघून कसला निकाल देता?

आणि ते आकडे! टायरच्या अंगावर ठळक कोरलेले असतात, तरी वाचायचा कंटाळा. २३५/७० आर १६ मधला ७० म्हणजे मिलिमीटर नव्हेत, रुंदीचे टक्के आहेत. २३५ मिमी रुंदीचे ७० टक्के १६४.५ मिमी, ही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. ती वर आणि खाली अशी दोनदा, त्यात १६ इंची रिमचे ४०६.४ मिमी मिळवा. व्यास झाला ७३५.४ मिमी. आता "फक्त थोडा रुंद घेतला, बाकी तेच" म्हणत २६५/७० आर १६ आणतात. बाकी तेच कुठलं? व्यास ७७७.४ मिमी! ४२ मिमी उंच टायर आणलाय आणि पत्ताच नाही.

त्या ४२ मधले जमिनीपासून उंची म्हणून मिळतात २१, कारण गाडी उचलली जाते ती फक्त अर्ध्या व्यासाने. उरलेले २१ वर कमानीत घुसतात. बदल्यात व्यास ५.७ टक्के वाढला, म्हणजे काटा ८० वर असताना गाडी आधीपेक्षा तेवढीच जास्त पळते. किलोमीटरही कमी मोजले जातात, मग "मायलेज पडलं" म्हणून बोंब. थोडं खरंच पडतं, कारण टायर जड असतो. बाकीचं मोजमापातच हरवतं. ४.१० चं फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीचं शेवटचं गिअरचं प्रमाण, ३.८८ असल्यासारखं वागायला लागतं. चढावर पहिला गिअर दमतो, क्लच जळतो, आणि शिव्या बिचाऱ्या इंजिनला.

घासतो कुठे ते तरी बघा. आधी मडफ्लॅप आणि कमानीच्या आतलं प्लॅस्टिक, मग पूर्ण वळणावर चॅसी नाहीतर अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा). त्यावर रामबाण उपाय म्हणून कमी ऑफसेटचा, म्हणजे चाक बाहेर काढणारा रिम. आतलं घासणं थांबतं, पण चाक बाहेर सरकून फेंडरची कड कापायला लागते आणि बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. स्प्रिंगची उंची वाढवली तरी सस्पेन्शनला शेवटी अडवणारे रबर, म्हणजे बंप स्टॉप, जुनेच ठेवले तर सस्पेन्शन दबून पूर्वीच्याच जागी येणार. हे सांगितलं की लोक तोंड फिरवतात.

एकच टायर पुढच्या चाकाला लावा. गाडी रॅम्पवर तिरकी चढवून ते चाक पूर्ण दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, रिव्हर्समध्येही. बोटभर जागा चहूबाजूंनी उरली तरच बाकीचे घ्या. अर्ध्या तासाचं काम, पण नाही करायचं!

रिमची रुंदीही कोणी विचारत नाही. २६५/७० ला साधारण ७ ते ९ इंच रुंद रिम लागतो, ६.५ इंचावर कोंबलात तर साइडवॉल फुगतात आणि मधला पट्टा लवकर झिजतो. लोड इंडेक्सचं, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्या आकड्याचं, तर नावच काढू नका. १०५ म्हणजे टायरमागे ९२५ किलो, १०० म्हणजे ८००. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर लावून टपावर सामान रचणाऱ्यांना काय बोलायचं? चिखलात रुंदच हवा हाही असाच हट्ट. पातळ चिखल कापून खालच्या कडक थरावर पोचायला अरुंद टायर बरा. वाळूत पकड वाढते ती हवा कमी केल्यावर, टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो म्हणून.

आणि स्टेपनी? चार नवे घेतले, पाचवा जुन्याच मापाचा. पंक्चर झालं की तोच मागच्या चाकाला लावून फोर व्हील ड्राइव्ह टाकतात, तेही पक्क्या रस्त्यावर. एका चाकाचा घेर वेगळा, ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी) पुढच्या-मागच्या शाफ्टना एकाच वेगाने फिरवणार, आणि पक्क्या रस्त्यावर टायर घसरून तो फरक सोडूही शकत नाहीत. शाफ्ट पिळतात, फोर व्हीलचा लीव्हर अडकतो. मग विचारतात, टू व्हीलमध्ये येत का नाहीये.