'शंभर टक्के पूर्ण' म्हणे!

घरातल्या जुन्या सीडी संगणकावर उतरवून घेण्याचा निर्णय ज्या दिवशी घेतला, त्या दिवसाला मी गेले तीन आठवडे शिव्या घालत आहे. सीडीवर ओरखडे आहेत हे मला दिसते, त्यामुळे ओरखड्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझा संताप आहे तो संगणकात आयत्या मिळालेल्या त्या प्रोग्रॅमवर, जो खरवडलेली सीडी चार मिनिटांत गिळतो, हिरवी पट्टी टोकापर्यंत नेतो आणि 'शंभर टक्के पूर्ण' असे निर्लज्जपणे जाहीर करतो. रात्री हेडफोन लावून ऐकावे, तर संथ आलापात, नेमका षड्ज लागत असताना, 'टिक्' असा आवाज येतो. ज्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक होते, त्या गावात बसून जयपूर घराण्याची गायकी अशी खडे लागलेल्या भातासारखी ऐकायची!

हा खोटेपणा चालतो कसा, तेही ऐका. सीडीवर चुका दुरुस्त करण्याची सोय मुळातच असते आणि साधारण अडीच मिलिमीटर लांबीची सलग तूट ती बिनबोभाट भरून काढते. त्यापलीकडे गेले की प्लेअर आजूबाजूचे आकडे पाहून मधला आवाज अंदाजाने रचतो. प्लेअरचे मी समजू शकतो, कारण त्याला गाणे थांबवून चालत नाही. संगणकाला मात्र कसली घाई आहे? तो तीच जागा पुन्हा वाचू शकतो, पण वाचत नाही. त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी की, त्याच आकाराच्या चकतीवर कोणी दुकानाचा हिशेब साठवला, तर प्रत्येक 2352 बाइटांच्या तुकड्यात 2048 बाइटच माहिती असते आणि उरलेल्या जागेत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. गाण्याच्या सीडीत मात्र सगळे 2352 बाइट आवाजालाच दिलेले. म्हणजे उधारीच्या वहीला दुहेरी राखण आणि आमच्या आत्याच्या गाण्याला राम भरोसे.

होय, आत्याचे गाणे. नवरात्रात घरी होणाऱ्या जागराच्या दोन कॅसेट होत्या, पेटीवर आबा होते. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदाराने त्या सीडीवर घेऊन दिल्या आणि 'आता आयुष्यभर बघायला नको' असे छातीठोकपणे सांगितले, म्हणून आम्ही कॅसेट टाकून दिल्या. (हा गाढवपणा सर्वस्वी आमचा, तो दुकानदाराच्या नावावर घालत नाही.) त्या गृहस्थाने वरून चिकटवलेले कागदी लेबल आमच्या पावसाळ्यातल्या ओलीने कडेला सुटले, म्हणून पुतण्याने ते ओढून काढले आणि त्याबरोबर चंदेरी पापुद्राही निघाला. लोक चकतीची चकचकीत बाजू जपतात आणि लेबलची बाजू टेबलावर घासतात. प्रत्यक्षात चकचकीत बाजूला एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिकचे कवच असते, तर लेबलखाली संरक्षक लेपाचा पातळ थर आणि लगेच तो चंदेरी थर, जो गेला की त्या जागेवरचे गाणे कायमचे गेले.

या पुतण्याने आणखी एक पुण्यकर्म केले. बाकीच्या सीडी त्याने शर्टाच्या टोकाने गोल गोल फिरवून पुसल्या. लेसर मधून बाहेर गोलाकारच वाचत जातो, त्यामुळे आडवा चरा त्याला क्षणभर लागतो, पण गोल चरा त्याच्या वाटेवरच लांबलचक पसरतो. मधून कडेकडे सरळ पुसावे, एवढे साधे कोणी कधी सांगितले नाही. टूथपेस्ट चोळण्याचा सल्ला मात्र गल्लीतल्या प्रत्येकाने दिला.

शेवटी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचे सीडी उतरवण्याचे सॉफ्टवेअर घेतले. ते प्रत्येक तुकडा दोनदा वाचते आणि जुळले नाही तर तीच जागा ऐंशीहून अधिक वेळा वाचून पाहते; तरीही जमले नाही, तर कुठे शंका आहे ते वेळेसकट लिहून देते. बाजारातल्या सीडीचा निकाल इतरांच्या प्रतींशी ताडूनही पाहता येतो. आत्याच्या सीडीची दुसरी प्रत जगात नाही, तिथे ताडणार कशाशी? या प्रामाणिकपणाची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसल्यामुळे बाहेरून जोडलेला तो डबा तासन् तास कण्हत बसतो. वेग कमी केला, चकती ओल्या मऊ कापडाने पुसली, दुसऱ्याचा ड्राइव्ह मागून आणला.

सातवा ट्रॅक आज सकाळी नऊला लावला. आता तीन वाजले आहेत आणि आकडा एकेचाळीस टक्क्यांवर अडकला आहे. धाकटा भाऊ मघाशी दारात उभा राहून म्हणाला, "दादा, एवढं कशाला? यूट्यूबवर असंल की!"