खुलासा: मुंबईच्या कापड गिरण्या फक्त संपामुळे बंद पडल्या का?

‘कामगारांनी पगारवाढीचा हट्ट सोडला असता तर गिरण्या वाचल्या असत्या’, असं सांगणारा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो अर्धवट आहे.

कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मागणी फक्त पगाराची नव्हती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकट्या मान्यताप्राप्त युनियनला होता. कामगारांना आपली युनियन आपणच निवडायची होती, आणि ही मागणी अगदी रास्त होती.

गिरण्यांचं दुखणं मात्र जुनं. आजारी गिरण्या सरकारने 1974 मध्येच कायदा करून ताब्यात घेतल्या होत्या, म्हणजे संपाच्या आठ वर्षं आधी. जुनी यंत्रं तशीच राहिली, कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं.

संपाने हजारो घरं उद्ध्वस्त झाली, हे खरंच. पण संपानंतर बऱ्याच गिरण्या कमी कामगारांवर पुन्हा चालू झाल्या होत्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने, म्हणजे शहरात कुठे काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांनी, गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट उघडली. लालबाग-परळमधले टॉवर त्यानंतरचे. त्या मजकुरात जमिनीचा उल्लेखच नाही.