चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायला सांगणारा तो मेसेज

शनिवारी रात्री भाच्याचा फोन. "मामा, म्युझिक सिस्टीम गेली. आणि फ्रीज आजपण मध्येच बंद." व्हॅन केरीला सुरूच्या बनात उभी, फ्रीजात सकाळी घेतलेली इसवण, म्हणजे सुरमई. काय केलंस विचारलं तर म्हणे, "काही नाही, ग्रुपवर आलेली टेस्ट केली."

तो मेसेज मलाही तीनदा आलाय, त्यातला एकदा भजनी मंडळाच्या ग्रुपवर. 'कॅम्परच्या मागच्या बॅटरीची पाच सत्यं, मेकॅनिक कधीच सांगणार नाहीत.' कॅम्पर म्हणजे राहायची सोय केलेली व्हॅन. तिची पुढची बॅटरी इंजिन सुरू करते, मागची फ्रीज आणि दिवे चालवते, आणि इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर दोन्ही भरतो. मागची भरत नाही म्हणून भाच्याचा फ्रीज बंद पडायचा. पंचवीस वर्षं म्हापसा-पेडण्यात इन्व्हर्टर आणि सोलर बसवतोय, म्हणून आज लिहितोच.

पहिलं 'सत्य': मागच्या बॅटरीचा स्विच बंद करा, इंजिन चालू ठेवा, पुढच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढा. इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर ठणठणीत.

अरे बाबांनो, चार्जिंग होत नाही मागच्या बॅटरीचं आणि तार काढताय पुढची! बरं, डिझेल इंजिन तार काढल्यावरही चालूच राहिलं, यातून मागे किती व्होल्ट पोचतात हे कसं कळणार? आणि धोका वेगळाच. इंजिन नुकतंच चालू केलेलं असतं, बॅटरी जोरात करंट ओढत असते. ती एकदम सुटली की तो करंट जायला जागा उरत नाही, अल्टरनेटरच्या आतलं चुंबकीय क्षेत्र काही क्षणात ओसरत नाही, आणि व्होल्टेज उसळतं. याला लोड डम्प म्हणतात. वाहनातल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आयएसओ 16750 हे मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागात 12 व्होल्टच्या गाडीसाठी या झटक्याची चाचणी दिली आहे: 79 ते 101 व्होल्ट, 40 ते 400 मिलीसेकंद. आवर घालणारे डायोड असलेल्या अल्टरनेटरसाठीही 35 व्होल्टच्या आसपास धरतात. बारा व्होल्टच्या स्टिरिओला हे पुरे. मागची बॅटरी जोडलेली असती तर तिने तरी झटका थोडा पचवला असता. मेसेजवाल्याने तीही आधी बंद करायला सांगितली. जुन्या डायनॅमोच्या जीपवर मिस्त्री असं करायचे, हे खोटं नाही, मीही पाहिलंय. त्या जीपमध्ये जळण्यासारखं होतं काय? हेडलाइट आणि हॉर्न.

दुसरं: मीटरवर 12 आले की बॅटरी फुल्ल. साफ चूक. लेड-ॲसिड बॅटरी भरून काही तास नुसती ठेवली तर 12.6 ते 12.8 दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी आणि 12.0 म्हणजे जेमतेम पाव. भाच्याच्या मागच्या बॅटरीवर सकाळी 11.9 होते आणि हा खूश! लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर हे आकडे लागूच नाहीत, ती आरामात असतानाच 13.3 च्या आसपास असते.

तिसरं: 14 च्या वर गेले की ओव्हरचार्ज, रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) काढून टाका. यात अर्धं खरं आहे, कबूल करतो. 14.4 वर बॅटरी दिवसेंदिवस ठेवली तर पाणी आटतं, आणि आपल्या मे महिन्यात जास्तच. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.02 व्होल्ट कमी द्यावेत, म्हणजे 35 अंशांना 14.4 ऐवजी 14.2 पुरे. पण चार्ज होताना 14 च्या पुढे जायलाच हवं, भरल्यावर मग 13.5-13.8 वर उतरावं. कायम 13 वर अडकलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती वर्षभरात मरते. नव्या बीएस-6 गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो. तिथे कमी व्होल्टेज वाढवून मागच्या बॅटरीला देणारा डीसी-डीसी चार्जरच लागतो, रिलेवर भागत नाही.

चौथं, पाणी कमी झालं तर ॲसिड ओता: आटतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं, म्हणून फक्त बॅटरीचं पाणी घाला. पाचवं, सिमेंटवर ठेवली की उतरते: आताच्या प्लास्टिकच्या डब्यांना फरशीचं काही नाही, आणि व्हॅनमध्ये सिमेंट आलं कुठून?

मग करायचं काय? रविवारी सकाळी मी केरीला गेलो. व्हॅन 2014 ची, डिझेल. मागची बॅटरी उतरलेली होती ते बरंच झालं. भरलेली बॅटरी करंट ओढत नाही, मग वायरमधला दोष मीटरवर दिसतच नाही. मागचा स्विच चालू करून इंजिन जरा रेझ केलं. पुढच्या बॅटरीवर 14.2, मागच्या बॅटरीवर 13.1. सव्वा व्होल्टला थोडं कमी, वाटेत खाल्लेलं. आता मीटरची एक पिन मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर: 0.8. पॉझिटिव्ह बाजूला, रिले आणि फ्यूज धरून, फक्त 0.3. म्हणजे दोष अर्थिंगमध्ये, बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडतात तिथे. फरशीची पट्टी उचलून बघितलं तर अर्थचा लग (तारेच्या टोकाचा धातूचा कान) थेट रंगावर कसलेला, खाली हिरवट पावडर. दर्याच्या खाऱ्या हवेत हे व्हायचंच. लग सोडवला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग क्रिंप करून परत कसला, वर ग्रीस. लगेच 13.8, आणि तासाभराने बॅटरी भरत आल्यावर 14.1.

वायर बारीक असेल तर मात्र घासून उपयोग नाही. 4 चौरस मिलिमीटरची तार, जाऊन-येऊन 12 मीटर, 20 अँपिअर: एक व्होल्ट तारेतच जातो. तिथे 16 चौरस मिलिमीटरची घ्या, आणि दोन्ही टोकांना बॅटरीजवळ फ्यूज.

खर्च नव्या लगचा आणि अर्ध्या रविवारचा. फ्रीज चालू आहे. म्युझिक सिस्टीम मात्र मेली ती मेली. इसवण शनिवारी रात्रीच बर्फाच्या पेटीतून आमच्याकडे आली होती, दुपारी तळली.