समस्या सुटणार नाही, याची काळजी घ्या

स्टार्टअप काढायचं ठरवलंत? छान. पहिली गोष्ट, घरी सांगू नका. घरचे लगेच विचारतात, 'म्हणजे विकणार काय नेमकं?' असले प्रश्न सुरुवातीलाच आले की माणूस खचतो. कॉलेजात सांगा. तिथे फार तर 'टीममध्ये मुली आहेत का' आणि 'बॅनरवर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे' एवढंच विचारतात.

मी गेली काही वर्षं नागपुरातल्या कॉलेजांत स्टार्टअपच्या कल्पनांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. बोलावलं की जातो, मानधन मागत नाही आणि जेवूनच घरून निघतो. माझी पात्रता ती. या अनुभवाच्या जोरावर चार शब्द सांगतो.

समस्या निवडताना एकच पथ्य पाळा. समस्या मोठी घ्या, पण ती ज्याची आहे त्या माणसाला भेटू नका. भेटलात की घोटाळा होतो. कसा, ते कूलरवरून सांगतो.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. बाहेर ऊन असं की स्कूटरच्या सीटवर रुमाल टाकल्याशिवाय बसता येत नव्हतं. स्पर्धा अर्थातच एसी हॉलमध्ये. तिसऱ्या वर्षाची चार पोरं स्टेजवर आली आणि म्हणाली, 'इमॅजिन, रात्रीचे तीन वाजलेत.' मी लगेच इमॅजिन केलं, कारण नागपुरात ही कल्पना करावी लागत नाही. रात्री तीनला होस्टेलच्या कूलरमधलं पाणी संपतं. ताट्यांमधलं गवत सुकतं आणि कूलर गरम हवा फेकायला लागतो. पंप कोरडाच चालत राहतो आणि एक दिवस जळतो. मग बादली कोणी आणायची यावरून चार जण डोळे मिटून झोपेचं सोंग घेतात. समस्या अस्सल होती, पोरांनी स्वतः भोगलेली होती. इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं.

मग उपाय आला. कूलरच्या टाकीवर एक सेन्सर. तो आवाज सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाण्याची पातळी काढतो. पातळी वायफायने क्लाउडवर जाते, क्लाउडवरून मोबाईलवर येते, आणि मोबाईल वाजतो: 'तुमच्या कूलरमध्ये फक्त 20 टक्के पाणी शिल्लक आहे.'

मी विचारलं, 'मोबाईल वाजल्यावर बादली कोण आणणार?'

'सर, ते फेज टूमध्ये आहे.'

हे उत्तर पाठ करून ठेवा. ते कुठेही चालतं.

ताट्यांमधून पाणी सारखं टपकत असतं, टाकीतलं पाणी हलत असतं, मग आकडा स्थिर कसा राहील, असंही मी विचारलं. 'एआय वापरून स्मूथ करू.' शेजारचे परीक्षक समाधानाने मान डोलावत होते; किंवा त्यांना एसीची थंडी वाजत असावी. पुढच्या स्लाइडवर बाजारपेठ दाखवणारे, एकात एक, तीन गोल होते. सगळ्यात मोठ्या गोलात अख्खा भारत. 'फक्त एक टक्का लोकांनी घेतलं तरी,' असं म्हणून पोरं थांबली. हा 'फक्त एक टक्का' आजवर कोणत्याही कंपनीला पायी चालत आलेला मी पाहिला नाही, पण स्लाइडवर तो शोभतो. ठेवाच.

आता घोटाळा. चहाच्या टेबलाजवळ व्हरांड्यात एक मिस्त्री कॉलेजचा कूलर बसवत होता. पोरांनी हौसेने त्याला सेन्सर दाखवला. त्याने हात पुसले, डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, 'फ्लोट काहून नाही लावत भाऊ?' थैलीतून त्याने दांडीला लावलेला प्लास्टिकचा गोळा काढला, संडासाच्या फ्लशमध्ये असतो तसाच. 'वरच्या टाकीवरून पाइप आणाचा. पाणी कमी झालं का गोळा खाली येते. गोळा खाली आला का पाणी चालू. भरलं का बंद.'

'कितीला?'

'दीडशे. लावून.'

अशा माणसाला स्पर्धेच्या दिवशी आवारात फिरकू देऊ नका. आलाच, तर त्याला स्लाइडवर घ्या. 'स्पर्धक' नावाचा तक्ता करा आणि डावीकडच्या रकान्यात त्याला 'असंघटित पारंपरिक बाजार' असं नाव द्या. मग खाली लिहा: ॲप आहे? त्याला लाल फुली, तुम्हाला हिरवी टिक. क्लाउड? फुली. एआय? फुली. डॅशबोर्ड? फुली. 'पाणी भरतो का?' ही ओळ तक्त्यात घेऊ नका.

तसा मिस्त्रीचा फ्लोटही काही देवाघरचा नाही, हे सांगायला हवं. फ्लोटमुळे कूलर कायम भरलेला राहतो. पावसाळा लागला की कूलर बंद होतो, पण टाकीत पाणी तसंच. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या काठाला अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायला सांगतात. ते कोणी करत नाही, कारण तळाची तोटी गंजलेली असते आणि कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर लटकलेला असतो. ही टाकी खिडकीतूनच, हात न घालता, पाच मिनिटांत रिकामी कशी होईल? मी पोरांना म्हटलं, यावर काही करा. एकाने वही काढली, दोन ओळी लिहिल्या, मग पेन थांबलं. 'सर, पण यात इनोव्हेशन काय दाखवणार?'

मुद्दा बरोबर होता. माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत 'नावीन्य' 30 गुण, 'तंत्रज्ञान' 30, 'सादरीकरण' 20, 'बाजारपेठ' 20 असे रकाने होते. 'पाणी भरलं' हा रकाना नव्हता. मी त्यांना पहिलं बक्षीस दिलं. धनादेश पुठ्ठ्याचा होता, दाराएवढा.

कूलर नको असेल तर संत्रा घ्या. नागपुरात राहून संत्र्यावर एकही ॲप न काढणं बरं दिसत नाही. 'शेतकरी ते थेट ग्राहक, मधला दलाल बाद' ही ओळ तयारच आहे. फक्त काटोल-नरखेडच्या संत्राबागांकडे जाऊ नका. एक टीम गेली होती. तिथल्या काकांनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, 'पोट्टेहो, तुमच्या मोबाईलनं फळगळ थांबते का?' आंबिया बहाराची फळं झाडाखाली पडली होती. बागेचा सौदा व्यापाऱ्याशी आधीच झालेला, उचल घेऊन खर्चही झालेली. पोरं परतताना बस लागली म्हणून आजारी पडली आणि त्यांनी विषय बदलून पार्किंग घेतला. पार्किंगला कोणी प्रश्न विचारत नाही.

एवढं फिरायचंही जिवावर येत असेल, तर समस्या आयती मिळते. 2017 पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन आहे. सरकारी खाती स्वतःच आपल्या समस्यांची यादी देतात आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी सलग 36 तास बसून त्या सोडवायच्या. जी गोष्ट खात्याला इतकी वर्षं जमली नाही ती तुम्ही दीड दिवसात, मॅगीवर, सोडवता. हे कौतुक मी मनापासून करतो. प्रमाणपत्र लॅमिनेट करून घ्या.

पैशांबाबत थोडं सावध राहा, कारण पैसे खरोखर मिळू शकतात. 2021 मध्ये स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आली. कल्पना सिद्ध करायला, नमुना बनवायला इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत, 20 लाखांपर्यंत अनुदानाची सोय तिच्यात ठेवली. पण त्यासाठी कंपनी नोंदवावी लागते, मान्यता घ्यावी लागते आणि माल कोण घेणार हे पटवून द्यावं लागतं. म्हणजे पुन्हा घरच्यांचाच प्रश्न. त्यापेक्षा लिंक्डइनवर नावापुढे 'फाउंडर' लिहा. त्याला फी लागत नाही आणि कॅम्पस इंटरव्ह्यूत, पुण्याच्या नोकरीसाठी, चांगला उपयोग होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, समस्या सोडवून टाकू नका. सुटली तर पुढच्या बॅचने काय करायचं? कॉलेजच्या इनोव्हेशन कौन्सिलला दर तिमाहीत कार्यक्रम दाखवायचे असतात, फोटो चढवायचे असतात, स्टार मिळवायचे असतात. तसंही गावातल्या तक्रारी मिरवायची आपल्याकडे जुनी चाल आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत आणि बडगे, म्हणजे इडापिडेचे पुतळे, निघतात, बडग्यांच्या गळ्यात महागाईपासून खड्ड्यांपर्यंत सगळ्यांच्या पाट्या असतात, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर येतं. फरक एवढाच, की मारबत त्याच दिवशी जाळतात. पिच डेक, म्हणजे स्पर्धेच्या स्लाइडचा गठ्ठा, पुढच्या वर्षी पुन्हा निघतो.

बक्षिसाच्या आनंदात त्या चार पोरांनी एक सेन्सर माझ्या घरच्या कूलरला बसवून दिला होता. 'सर, तुम्ही आमचे पहिले ग्राहक.' पैसे घेतले नाहीत. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कॉलेजात फायनल होती, म्हणून येऊन काढून नेला. वायर तेवढी राहिली, तिच्यावर बायको फडकं वाळत घालते. काल रात्री तीनला घाम फुटून जागा झालो. कूलर गरम हवा फेकत होता. उशाशी मोबाईल होता, सहज ॲप उघडून पाहिलं. पाणी 62 टक्के.

बादली न्हाणीघरात होती.