बांगडे घेण्याआधी मॉडेल चालवा

म्हापशाच्या बाजारात अजूनही बांगड्याचे कल्ले उचलून बघणारी माणसं दिसतात. तुम्ही त्यांतले असाल तर मला तुमची काळजी वाटते. कल्ला लाल की तपकिरी, डोळा टपोरा की बसका, हे काय आता बघायचं? घरी बसा, लॅपटॉप उघडा आणि मासळीचं मॉडेल करा, म्हणजे आकडे घालून अंदाज सांगणारं गणित.

आधी वर्षभराची खरेदी तक्त्यात भरा. मॉडेल लगेच दाखवेल की सोमवारी तुमच्या घरची मासळीची मागणी शून्यावर येते. कारण शोधा. पगार, पाऊस, कामाचा ताण, सगळं घालून बघा. फक्त आजीला विचारू नका. ती ‘सोमार शिवराक’, म्हणजे सोमवारी मासळी खायची नाही, एवढंच म्हणेल, आणि एका आजीवर निष्कर्ष काढायचा नसतो. श्रावणात तर आकडे असे झोपतील, की घरात मंदी आल्याचं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल. आणखी एक अडचण म्हणजे मासळी विकणारी बाय किलोने देत नाही, वाट्याने देते. दोनशेला सहा. घासाघीस केलीत तर वर एक बारका टाकते. तो टाकायचा की नाही, हे ती तुमच्या तोंडाकडे बघून ठरवते. त्या सातव्या बांगड्याला ‘मोजमापातली त्रुटी’ म्हणा आणि पुढे चला.

भाव चढला म्हणून लोक कमी घेतात, की लोक तुटून पडतात म्हणून भाव चढतो? हा गुंता मात्र खरा आहे. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजारात कॅथरिन ग्रॅडी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९१-९२ मधले एका व्यापाऱ्याचे रोजचे व्यवहार घेतले आणि त्यांना समुद्रावरच्या वादळांची जोड दिली. वादळ झालं की मासळी कमी येते, भाव चढतो. पण शहरातल्या गिऱ्हाइकाची भूक वादळामुळे बदलत नाही. मग भावाचा परिणाम वेगळा काढता येतो. त्याच बाजारात त्यांना असंही दिसलं, की त्याच माशाला आशियाई गिऱ्हाईक गोऱ्या गिऱ्हाइकापेक्षा कमी भाव देतं. तुम्ही एवढी यातायात करू नका. आपल्याकडे गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेच वादळ समजा. आता, त्या दिवसांत लोक पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या सुक्या बांगड्याकडे वळतात, म्हणजे इथे भूकच बदलते. हे ध्यानात आलं, तर कोणाला बोलू नका.

आता वाहतूक. पणजी-फोंडा मार्गावर समजा निम्मे लोक स्कूटरने जातात, निम्मे बसने. निम्म्या बसना दुसरा रंग द्या. निवडीचं साधं मॉडेल म्हणेल, आता पर्याय तीन, प्रत्येकाला एक तृतीयांश. म्हणजे रंगाच्या डब्यांनी रस्त्यावरच्या स्कूटर घटल्या! हा दोष मॉडेलवाल्यांना केव्हाच ठाऊक आहे, त्यावर औषधही आहे. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी तर सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेने ६.३ टक्के लोक जातील असा अंदाज बांधला होता, प्रत्यक्षात ६.२ टक्के गेले. सरकारी अंदाज होता १५. पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्यांनी आधी लोकांना विचारलं होतं, तुम्ही कसे जाता म्हणून. तुम्ही कशाला विचारता? रंग स्वस्त पडतो.

नोकरभरतीकडे जपून वळा. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांचा २००४ साली छापून आलेला अभ्यास आहे. बोस्टन आणि शिकागोच्या जाहिरातींना त्यांनी सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. गोरी वाटणारी नावं होती तिथे दहा अर्जांमागे एक फोन. काळी वाटणारी होती तिथे पंधरांमागे एक. असा खोडसाळपणा आपल्याकडे नको. आपल्याकडे पदवी, टक्के, अनुभव, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोंकणी आवश्यक, मराठी आल्यास बरी, असे छान रकाने आहेत, तेच भरा. माझा भाचा एका कार्यालयात मुलाखतीला गेला, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘‘तूं कोणालो?’’ त्याने वडिलांचं नाव सांगितलं. समोरच्यांनी एकमेकांकडे बघितलं, कोणालाच काही आठवेना. दुसरा प्रश्न आलाच नाही. हा रकाना अर्जात नाही, म्हणून तुमच्याही तक्त्यात नको. मॉडेलला जे कळत नाही ते सगळं ‘एरर टर्म’मध्ये जातं. ज्याला ती नोकरी लागली, त्याचा एरर टर्म मोठ्या घरातला होता, एवढंच.

व्यापाराचं सोपं आहे. १९६२ साली अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी गुरुत्वाकर्षणासारखं समीकरण मांडलं: दोन्हीकडची अर्थव्यवस्था मोठी तितका व्यापार जास्त, अंतर जास्त तितका कमी. बेळगाव जवळ म्हणून बेळगावची भाजी. पावसात बेळगावच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात ट्रक अडकला तर ते किलोमीटरमध्ये मावत नाही, सोडून द्या. २०१२ साली सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, तेव्हा चीनला जाणाऱ्या खनिजाची निर्यात आटली. चीन काही त्या वर्षी लांब गेला नव्हता, पण हे समीकरणाला सांगत बसू नका.

एवढं झालं की छापील निष्कर्ष खिशात घालून शुक्रवारी बाजारात जा. मी गेलो होतो. माझ्या मॉडेलप्रमाणे सहा बांगड्यांना एकशेऐंशी पडत होते. कागद बायपुढे धरला. तिने कागदाकडे पाहिलं नाही. माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि चपलांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अडीचशें. पिशवी हाडल्या?’’